दमणची विहीर

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय सुऱ्या,

तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. फोनवर बोललो असतो तर हिनं आतून ऐकलं असतं, आणि जे सांगायचंय ते घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तब्येत ठीक. शुगर होती तिथं आहे.

आबांना दमणला नेऊन आणलं. हस आता. चाळीस वर्षं 'नेतो, नेतो' म्हणत होतो, ते शेवटी नेलं. रात्रीच्या बसनं मुंबई, बोरिवलीला गाडी पकडून वापी, तिथनं रिक्षानं बारा-एक किलोमीटर. ८३ वर्षांचा म्हातारा, पण बसमध्ये माझ्यापेक्षा गाढ झोपला. गुजरातेत दारूबंदी, आणि दमणची हद्द लागली की दुकानंच दुकानं. तू असतास तर आमचा किल्ला दुसऱ्या दिवशीवर गेला असता. गोव्याच्या ट्रिपचे माझे चाळीस रुपये अजून यायचेत, ते विसरलो नाही.

गाव झकास आहे रे. मधून दमणगंगा वाहते, अलीकडं-पलीकडं दोन दमण. नानी दमण नावाला धाकटी, पण बाजार, हॉटेलं, मासळीच्या होड्या, सगळा गोंगाट तिच्याकडं. मोटी दमण म्हणजे तटाच्या आत बसलेलं सरकार. कचेऱ्या, जुनी झाडं आणि १६०३ सालचं बॉम जीझस चर्च, आत सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी कोरीव वेदी. पोर्तुगीजांनी १५५९ ला हे घेतलं ते १९६१ पर्यंत सोडलं नाही. पाट्या गुजराती. आबा म्हणाले, "हितंबी आपल्यागतच. पाटी बघायची आणि अंदाजानं उतरायचं."

पहिल्या दिवशी नानी दमणचा किल्ला. दरवाज्यावर संत जेरोमचा धिप्पाड पुतळा आहे. आबांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. मी म्हटलं, कुणाला? तर म्हणे, "कुणीतरी साहेबच दिसतोय." मी पोट धरून हसलो. आता त्या हसण्याचंच वाईट वाटतंय. संध्याकाळी जांपोरला गेलो, सुरूच्या झाडांत बसलो. ओहोटी होती, तिकडं पाणी इतकं लांब जातं की नुसता चिखल चमकत राहतो. आबा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "समुद्र कुठं गेला?" तेव्हाही मी हसलोच.

दुसऱ्या दिवशी मोटी दमण. ती गोष्ट मी तुला नव्यानं सांगायला नको. १९६१ ची १८ डिसेंबरची पहाट, आपल्या मराठा लाईट इन्फंट्रीची जंगी पलटण, आधी विमानतळ, दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मोटी दमणनं हात वर केले. मग आबा दरवाज्यातून आत गेले आणि उजव्या हाताच्या विहिरीचं पाणी हेल्मेटनं काढून प्याले. दोन दिवसांनी पहिलं पाणी. आपण तुमच्या पडवीत किती वेळा खेळलो ते! तू कायम पोर्तुगीज, कारण तुझ्याकडं ती टोपी होती.

दरवाज्यात पोचलो. मी मोबाईल काढला, व्हिडिओ करायचा म्हणून. म्हटलं, "आबा, विहीर दाखवा." आबा म्हणाले, "कसली विहीर?"

म्हटलं, तुम्ही पाणी प्यालात ती.

माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच खुळा झालोय. "मी कुठं आलोवतो हितं? मी रंगरूट होतो तवा. सेंटरला, बेळगावात. कोतात बंदुका पुसायलोतो." आणि लगेच, "चहा कुठं मिळतोय बघ." आवाजात काही नाही. लाज नाही, गोंधळ नाही. जसं आजचा वार कुठला ते सांगावं.

चहा प्यालो. मी काही बोललो नाही.

आता पुढचं ऐक. त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत पोरगा पाण्याची बाटली घेऊन आला, आणि आबांनी त्याला पलंगावर बसवून सगळी गोष्ट सांगितली. पहाट, विमानतळ, अकरा वाजता शरणागती, विहीर, हेल्मेट. एक शब्द इकडचा तिकडं नाही. बिचाऱ्याला मराठी अर्धंच कळत होतं, तरी डोळे मोठे करून ऐकत बसला. मी बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो.

परतीच्या वाटेवर उदवाडा केलं. पारशांचा इराणशाह अग्नी १७४२ पासून तिथं आहे, आत आपल्याला सोडत नाहीत. बाहेरूनच बघितलं. माझं लक्षच नव्हतं.

सुऱ्या, सातवीत तू म्हणालास "तुझा बा गेलाच नव्हता," आणि मी तुझा दात पाडला. तो दात तू आता बसवून घेतलास म्हणे, खर्च मागू नकोस. पण मी रोज रात्री देवाला म्हणायलोय की तू तेव्हा खरं बोललेला असू दे. गोष्ट खोटी असली तर म्हातारा शाबूत आहे. जन्मभर थाप मारली, एक दिवस कंटाळून खरं सांगितलं, रात्री गिऱ्हाईक दिसलं तशी पुन्हा दुकान मांडलं. मला चालेल! पण गोष्ट खरी असली तर? मग त्या दरवाज्यात जे बोलले ते काकूंच्या सुरुवातीसारखं आहे. काकू तुला 'भाऊजी' म्हणाल्या त्या दिवशी तूही हसलास आणि मग आमच्या गच्चीवर येऊन बसलास. म्हणून तुलाच लिहायलोय.

त्यात २६ जानेवारीला आपल्या शाळेत आबांचा सत्कार ठेवलाय. पत्रिका छापून आल्या, 'दमणचे वीर'. माईक हातात दिला तर कुठले आबा बोलतील? नको म्हणावं तर कारण काय सांगू? पलटणीचे कागद ट्रंकेत आहेत, किल्ली माझ्याजवळ आहे, उघडायचं धाडस होत नाही. हिला सांगितलं तर ती उद्याच डॉक्टरकडं नेईल. तेच बरोबर आहे, कळतंय मला.

तुझ्या मुलीचं पुण्यातलं काम झालं हे कळलं, फार छान. वहिनींना नमस्कार. घराचं रंगकाम झालं का? कुंदा पाठवतोय, पण दोन दिवसांत संपवा, मागच्या वेळी फ्रीजमध्ये दगड केलात.

कुंद्याच्या डब्यात कागदाच्या पुडीत ते पितळी बटण आहे. आबांनी पोर्तुगीज शिपायाच्या कोटाचं म्हणून दिलेलं, आणि तू ज्याला शनिवार बाजारातल्या बँडवाल्याचं म्हणायचास, तेच. मागं पुसट अक्षरं आहेत. मी चष्मा काढून ठेवला आणि तसंच बांधलं. तू भिंग घेऊन वाच. बँडवाल्याचं निघालं तर ताबडतोब फोन कर, मध्यरात्र असली तरी. पोर्तुगीज निघालं तर घाई नाही, सावकाश पत्र टाक.

तुझा,
बाळ्या