अनुदानाचा शेवटचा हप्ता देण्याआधी मॉडेल चालवून पाहा

प्रति,
मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार),
नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बायोई-३ धोरण (जैवतंत्रज्ञानातून अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार यांना चालना देणारे) मंजूर केले. त्यातील जैवउत्पादन, बायोफाउंड्री (जिवाणूंत बदल करून ते तपासण्याच्या सामाईक प्रयोगशाळा), बायो-एआय हब (जीवशास्त्रात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी केंद्रे) यांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. जिवाणूत बदल करण्याआधी तो संगणकावर करून पाहायचा, हे या साऱ्या कामात गृहीतच आहे. कोणते जनुक काढले की साखरेतून हवा तो पदार्थ जास्त निघेल, याचा अंदाज मॉडेल, म्हणजे पेशीतील प्रक्रियांचे समीकरणांतले रूप, देते आणि प्रयोगशाळेतले महिने वाचतात. पण एकाने केलेले मॉडेल दुसऱ्याच्या संगणकावर चालतच नसेल, तर त्यावर झालेला खर्च पुढच्या माणसाच्या उपयोगी पडत नाही.

असे फार वेळा घडते. युरोपातील ‘बायोमॉडेल्स’ या संग्रहाच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत ४५५ प्रकाशित मॉडेल्स शोधनिबंधांतील माहितीवरून पुन्हा उभारून पाहिली. त्यांतली ४९ टक्के जशीच्या तशी चालली नाहीत. दुरुस्त्या करून किंवा मूळ लेखकांची मदत घेऊन आणखी १२ टक्के मार्गी लागली. ३७ टक्के शेवटपर्यंत हाती लागली नाहीत. कुठे स्थिरांकांच्या किमती दिलेल्या नव्हत्या, कुठे सुरुवातीची प्रमाणे (गणना सुरू करताना कोणते रेणू किती धरायचे), तर कुठे समीकरणेच एकमेकांशी जुळत नव्हती.

‘सुरुवातीची प्रमाणे’ ही बाब ऐकायला किरकोळ वाटते. म्हणून एक उदाहरण देतो. एलोविट्झ आणि लायब्लर या शास्त्रज्ञांनी २००० साली ई. कोलाय या जिवाणूमध्ये तीन जनुकांचे चक्र बसवले. पहिले दुसऱ्याला दाबते, दुसरे तिसऱ्याला, तिसरे पुन्हा पहिल्याला. चकाकणाऱ्या प्रथिनामुळे पेशी सुमारे १६० मिनिटांच्या लयीत उजळते आणि मंदावते. या चक्राचे मॉडेल सहा समीकरणांचे आहे आणि साध्या लॅपटॉपवर क्षणात सुटते. पण तिन्ही जनुकांचे आरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनते) आणि प्रथिने सारख्याच प्रमाणात धरून सुरुवात केली, तर लय उमटत नाही, सरळ रेषा येते. तिघेही एकमेकांना सारखेच दाबत राहतात आणि कोणीच पुढे सरकत नाही. एकाच आरएनएचे थोडे रेणू जास्त ठेवले की डोलणे सुरू होते. ही एक ओळ निबंधात राहून गेली, तर वाचणारा आठवडाभर समीकरणांतली चूक शोधत बसतो, आणि चूक तिथे नसतेच.

याच मॉडेलमध्ये आणखी दोन खाचखळगे आहेत. प्रथिनाचे अर्धायुष्य (निम्मे प्रथिन नष्ट व्हायला लागणारा वेळ) १० मिनिटे दिलेले आहे. विघटनाचा दर त्यावरून ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉगॅरिथम) भागिले १०, म्हणजे मिनिटाला ०.०६९ असा येतो. घाईत १ भागिले १० करून ०.१ लिहिले जाते आणि लयीचा काळ बदलतो. दुसरा खळगा एककांचा. दाबण्याची क्रिया निम्म्यावर येण्याची पातळी पेशीमागे ४० रेणू आहे. पेशीचे आकारमान एक फेम्टोलिटर धरले तर एक नॅनोमोलर (द्रावणातील प्रमाण मोजण्याचे एकक) म्हणजे जेमतेम ०.६ रेणू. म्हणजे ४० रेणू हे सुमारे ६६ नॅनोमोलर झाले. कोणी ते ‘४० नॅनोमोलर’ वाचले, तर प्रत्यक्षात २४ रेणूच धरले जातात. आकडा तोच, जीवशास्त्र वेगळे.

चयापचयाच्या मॉडेल्समध्ये ही चूक माध्यमाच्या (जिवाणूला दिलेल्या अन्नाच्या) रूपाने येते. ई. कोलायच्या ९५ अभिक्रियांच्या छोट्या मॉडेलला ताशी १० मिलिमोल ग्लुकोज (दर ग्रॅम कोरड्या वजनामागे) आणि मुबलक ऑक्सिजन दिला, तर वाढीचा दर ताशी ०.८७ येतो. ऑक्सिजन बंद केला की तो ०.२१ वर उतरतो. मॉडेलची फाइल दिली, पण काय आत सोडले आणि किती, हे लिहिले नाही, तर दोन प्रयोगशाळांची उत्तरे जुळणार कशी?

यावर उपाय महाग नाही आणि महासंगणकही लागत नाही. फरीदाबादचे भारतीय जैविक विदा (डेटा) केंद्र २०२२ पासून उभे आहे. जैविक विदेच्या देवाणघेवाणीसाठी बायोटेक-प्राइड मार्गदर्शक सूचना २०२१ मध्येच आल्या. त्यांनाच जोडून मॉडेल्ससाठी स्वतंत्र, सक्तीचे कलम घालावे. सरकारी अनुदानातून झालेले प्रत्येक मॉडेल एसबीएमएल (जैविक मॉडेल्स लिहिण्याची प्रमाणित पद्धत) फाइलच्या रूपात जमा व्हावे. सोबत प्रत्येक स्थिरांकाची किंमत, एकक आणि उगम (मोजलेला, दुसऱ्या निबंधातून घेतलेला की जुळवून काढलेला), सुरुवातीची प्रमाणे, सॉफ्टवेअरची आवृत्ती, गणनेची अचूकता आणि यादृच्छिक गणना असेल तर तिचा बीजांक (ज्यावरून तीच गणना पुन्हा काढता येते) असावा. शेवटी, निबंधातली निदान एक आकृती जशीच्या तशी काढून देणारी छोटी पायथन फाइल.

मात्र कलम नुसते कागदावर राहिले, तर लोक काहीतरी फाइल चढवून मोकळे होतील. म्हणून विदा केंद्रात हे काम जाणणाऱ्या दोन-तीन माणसांची कायमस्वरूपी पदे हवीत. त्यांनी कोऱ्या संगणकावर फाइल चालवावी, आकृती जुळते का पाहावे, नसेल तर नेमके कुठे अडले ते लिहून परत पाठवावे. आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची मागणी हीच आहे. कंत्राटी, सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकांवर हे काम टिकत नाही, कारण एककांतली चूक पकडणारी नजर तयार व्हायलाच वर्ष-दोन वर्षे जातात.

अनुदानाचा शेवटचा हप्ता त्यांच्या ‘मॉडेल चालले’ या शेऱ्यानंतरच सुटावा. बायोई-३ खालील पुढच्या प्रस्तावांच्या जाहिरातीतच ही अट घालावी, अशी आमची आपणांस विनंती आहे.

आपले,
संगणकीय जीवशास्त्रात काम करणारे संशोधक