काळोखातल्या झगड्याविषयी

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

मागच्या महिन्यात निघताना तू माझ्या हाती ठेवलेली फ्रँक पेरेटी यांची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ ही कादंबरी काल रात्री अडीच वाजता वाचून संपवली, आणि आज उपासनेहून परतताच तुला लिहायला बसलो आहे.

सुरुवातीलाच तिने मला पकडले. पौर्णिमेच्या रविवारी रात्री, ॲश्टन नावाच्या लहानशा कॉलेजच्या गावाबाहेर, कामगारांच्या वेषातले सात फूट उंचीचे दोघे देवदूत रस्त्यावर प्रकट होतात आणि कोणाच्याही नजरेस न पडता थेट त्या छोट्या चर्चकडे जातात, जिथे हँक हा तरुण पाळक एकटाच प्रार्थना करीत असतो. वर्तमानपत्राचा संपादक मार्शल गावातल्या कारस्थानाचा माग काढू लागतो, तेव्हा तर पुस्तक खाली ठेवता येईना. खोट्या आरोपांखाली अडकवलेले हँक आणि मार्शल अखेर तुरुंगाच्या एकाच कोठडीत भेटतात आणि आपापली हकीकत एकमेकांना सांगतात, ती पाने मी दोनदा वाचली.

परंतु मला खरोखर हलवले ते देवदूतांच्या सेनापतीने, टालने. तो हल्ला करीत नाही, थांबतो. धैर्य कमी म्हणून नव्हे, तर त्याच्या सैन्याला बळ पुरेल इतकी प्रार्थना गावात अजून झालेली नाही म्हणून. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, पारसाच्या म्हणजे इराणच्या अधिपतीने देवदूताला एकवीस दिवस अडवून धरले, हे आपण शब्बाथ शाळेत शिकलो होतो. पण दानीएलही तेच तीन आठवडे रुचकर अन्न वर्ज्य करून शोक करीत होता, हे मला काल प्रथमच ध्यानात आले. कादंबरीतली एडिथ ही म्हातारी गुडघे टेकून प्रार्थना करते, तेव्हा मला माझी आजी दिसली: पहाटे चारला, चटईवर, पदर डोक्यावरून ओढून, एकेका नातवाचे नाव घेणारी. तिचे गुडघे घट्टे पडून काळे झाले होते. लहानपणी मला त्याची लाज वाटे.

एक गोष्ट मात्र मनाला बोचली, ती तुझ्यापासून लपवत नाही. पेरेटींच्या कथेत ध्यानाला बसणारा माणूस बहुधा दुरात्म्याच्या हाती सापडतो. माझ्या शेजारचे काका रोज पहाटे ध्यानाला बसतात. आजीच्या शेवटच्या आजारात रात्रभर तिच्या उशाशी तेच बसले होते. त्यांच्याकडे मी या पुस्तकाच्या नजरेने पाहू शकत नाही, आणि पाहूही नये. ज्या वचनावरून पुस्तकाला नाव मिळाले, त्या इफिसकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायातच प्रेषित पौल सांगतो की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे. लेखकाने हे वचन मनापासून मानले आहे, पण थराराच्या ओघात शत्रूला माणसाचा चेहरा देण्याचा मोह त्याला काही ठिकाणी आवरलेला नाही, असे मला वाटते.

तरीही आज पहाटे मी उठलो. कित्येक वर्षांनी आजीची चटई अंथरली. शब्द सुचेनात, म्हणून तिच्यासारखी नावेच घेत गेलो; तुझे नाव तिसरे होते, आणि काकांचे त्याच्या लगेच पुढे.

१९८९ साली आलेला या कथेचा पुढचा भाग तुझ्याकडे असेल तर नाताळात येताना घेऊन ये. आईंना माझा सलाम सांग, आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत माझ्यासाठी विनंती करायला त्यांना आठवणीने सांग.

तुझाच,
जुना मित्र