कपिलेश्वरला गेलो होतो, ते अर्धंच खरं

वडगाव, बेळगाव
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना ह्यानं पत्र कशाला धाडलं, असं आईनं पाकीट फोडतानाच म्हटलं असणार. फोनवर बाबा "बरं आहे, जेवलास का, ठेव" ह्याच्यापुढं जात नाहीत. त्यात डोळ्यात थेंब चालू आहेत तोवर मोबाईल त्यांच्या हातात द्यायचा नाही, असा ताईचा कायदा. म्हणून लिहितोय. आईनं मोठ्यानं वाचायचं, बाबांनी काळा चष्मा लावून ऐकायचं. आई, एक ओळही गाळायची नाही. पुढं एके ठिकाणी तुला गाळावंसं वाटेल, तिथं तर मुळीच नाही.

घरचं सगळं ठीक. दोन माग चालू आहेत, तिसऱ्याचा धोटा पुन्हा उडायला लागलाय, दिवाळीनंतर बघू. पाऊस थांबला. तुळस जिवंत आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही जाऊन महिना झाला आणि ह्या महिन्यात सिनेमा बघून घरी आलो की "किती आणे?" असं विचारायला कुणी नाही. तुमची आण्यांची पद्धत आमच्या शुक्रवारच्या टोळक्यानंसुद्धा उचललीय. आमच्यातल्या टेलरला तर आण्यांशिवाय बोलताच येत नाही. पण सोळा आणे द्यायचे म्हटले की त्याचा हात तुमच्यासारखा आखडत नाही, हवा तसा वाटतो.

तुम्ही पुण्याला गेलात आणि लगेच, 12 सप्टेंबरला, सरकारनं तिकीट 200 रुपयांच्या वर घ्यायचं नाही असा नियम काढला. कर वेगळा. मी म्हटलं, बघा, बाबांची इतक्या वर्षांची कटकट बंगळूरपर्यंत पोचली. अकरा दिवसांत हायकोर्टाची स्थगिती आली आणि आपण पुन्हा होतो तिथंच. ग्लोब, चित्रा, प्रकाशच्या बाल्कनीचे दर तुम्ही जेवताना ऐकवता ना, ते आता मीही टोळक्यात ऐकवायला लागलोय. म्हातारा झालो म्हणा.

त्याच 12 तारखेला 'दशावतार' लागला, दिलीप प्रभावळकरांचा. बाबा, तुमचे चिमणराव. माझ्या पिढीला ते 'झपाटलेला'तला तात्या विंचू म्हणून आधी माहीत, आणि त्यावरून आपली दोघांची भांडणं झालीयत. आता ते 81 वर्षांचे आहेत. त्या वयात त्यांनी बाबुली मेस्त्री केलाय. आयुष्यभर दशावतारात सोंगं घेतलेला कोकणातला म्हातारा. डोळ्यांनी दिसेनासं होत चाललंय, पोरगा म्हणतो आता पुरे, पण गडी तोंडाला रंग लावायचा सोडत नाही. मी थेटरात बसून कुणाचा विचार करत असेन ते सांगायला नको. दिवा न लावता चाचपडत कांडी बदलणारा एक माणूस आमच्याही घरात आहे. मागच्या वर्षी तुम्ही हिरव्याच्या जागी निळी कांडी लावून हातभर पदर विणलात आणि वर म्हणालात, "असंच डिझाईन हाय."

पहिला अर्धा भाग मला फार आवडला. रंगपटातली ती घाई, आरशात स्वतःकडं बघणारा बाबुली, बापलेकाचं भांडणसुद्धा भांडणासारखं नाही, जेवणाच्या ताटावर बसून चाललेलं. आई, तुला हे बघताना गोकाकचं पारिजात आठवलं असतं. तू सांगायचीस ना, कृष्ण पारिजात रात्रभर चालायचं आणि पहाटे सत्यभामेचं काम करणारा बाप्या साडी नेसूनच बिडी ओढत बसलेला असायचा. अगदी तसं. पुढं मात्र खाणीचा विषय येतो, सूड येतो, आणि सिनेमा पळायला लागतो. पळवा हो, पण म्हाताऱ्याला किती पळवायचं? शेवट सांगत नाही, तुम्ही बघाल तेव्हा बघा. पण प्रभावळकर नुसते गप्प बसले तरी चाललं असतं, अशा ठिकाणी मागं ढोल बडवलेत. मी बारा आणे दिले. टेलरनं एकट्या रंगभूषेसाठी सोळा दिले. पतसंस्थेतला म्हणाला, दहा, कारण त्याला खुर्ची मोडकी मिळाली होती.

मग दसऱ्याला 'कांतारा'चा नवा भाग आला, 'चॅप्टर 1'. आमच्यातला कन्नड शाळेचा मास्तर चहाच्या गाड्यावर सहज बोलून गेला की तुमचा दशावतार म्हणजे आमच्या कांताराची नक्कल. झालं. टेलरच्या हातातली बशी खाली. "आमचा दशावतार तुमच्या रिषभ शेट्टीच्या आज्याच्या आधीचा हाय!" अर्धा तास. गाडेवाल्यानं स्टोव्ह बंद केला तरी चालूच. मला दोघांचंही पटलं नाही. भूतकोलात, म्हणजे कांतारातल्या त्या दैवाच्या पूजेत, दैव अंगात आलं की माणूस उरत नाही, लोक हात जोडून त्याच्याकडं न्याय मागतात, जमिनीचे तंटे सांगतात. दशावतारी रात्रभर देव असतो आणि पहाटे पेटारा उचलून पुढच्या गावच्या जत्रेला चालू लागतो. लोक त्याच्याही पाया पडतात, पण त्याला पक्कं ठाऊक असतं की आपण सोंग आहोत. लिहिलेली संहिता नाही, जागच्या जागी संवाद जुळवायचे, त्याला शुद्धीत राहावंच लागतं. हे एवढं मी मांडलं तर दोघंही माझ्यावरच उलटले. तुम्ही असता तर निकाल लागला असता, निदान आवाज तरी बसले असते.

पण बाबा, 'चॅप्टर 1' कुठल्या काळात घडतो ठाऊक आहे? कदंबांच्या. म्हणजे आपल्या हलशीच्या कदंबांच्या. खानापूरच्या पुढं भूवराह नृसिंहाच्या देवळात नेऊन "ही कदंबांची दुसरी राजधानी होती, नीट बघून घ्या" असं तुम्ही दरवेळी सांगायचात आणि आमचं लक्ष डब्यातल्या थालीपिठाकडं असायचं. पडद्यावर कदंबांचं नाव आल्यावर मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. पुढं हलशीचा ह भी आला नाही, ती गोष्ट किनाऱ्याकडची. जंगल, वाघ, रथ, सगळं डोळे दिपवणारं, पण शेवटी शेवटी कान दुखले. आधीचा 'कांतारा' जास्त बरा होता, त्यात एक माणूस होता. ह्यात राजे फार. दहा आणे.

आता ती ओळ. आई, वाच.

बाबा, श्रावणात एका सोमवारी मी आईला कपिलेश्वरला नेलं होतं. आम्हाला यायला रात्रीचे साडेनऊ वाजले आणि आम्ही सांगितलं की रांग फार होती. रांग होती, पण अर्ध्या तासाची. तिथून आम्ही कन्नड सिनेमाला गेलो होतो. 'सु फ्रॉम सो.' म्हणजे सुलोचना, सोमेश्वरची. किनाऱ्यावरचं एक गाव, तिथल्या एका पोराच्या अंगात ह्या सुलोचनेचं भूत आलंय असं सगळं गाव धरून बसतं. हिरो नाही, मारामारी नाही, नुसती गावातली माणसं. आई इतकी हसली की पुढच्या रांगेतली बाई वळून बघायला लागली आणि मग तीही हिच्याकडं बघून हसायला लागली. हसवता हसवता शेवटी एका बाईच्या दुःखाशी आणून उभं करतात, तिथं हिनं पदर डोळ्याला लावला. तक्रार एकच, "ही माणसं पुस्तकातलं कन्नड का बोलालीत?" मंगळूरकडचं कन्नड तसंच. हिच्या गोकाकच्या कन्नडात निम्मी मराठी, तिला ते परीक्षेतलं वाटलं. मध्यंतरात म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगू नको." मी देवळातला अंगारा खिशातच ठेवून होतो, तो घरी येऊन तुमच्या कपाळाला लावला. चौदा आणे, आणि दोन आणे खोटं बोलायला लागलं म्हणून कापले.

खरं तर तुम्हाला हे आधीपासून माहीत असणार, असं मला वाटत आलंय. आई कांड्या भरताना गायची, आठवतं? मागांच्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येतंय. ओठ हलताना दिसायचे, आम्ही समजायचो अभंग. एकदा दुपारी अचानक करंट गेला, सगळे माग एकदम थांबले, आणि त्या शांततेत हिचा आवाज तेवढा राहिला, कन्नडवाल्या राजकुमारच्या गाण्यातली ओळ, अर्धी. ही अशी लाजली! तुम्ही काही बोलला नाहीत. उठून बाहेर गेलात, ओट्यावर बसलात. करंट आल्यावर आत आलात ते बटण न दाबता थोडा वेळ तसेच उभे राहिलात. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. तुम्ही बटण का दाबत नाही, ह्याचं कोडं मला फार दिवस सुटलं नव्हतं.

1972 साली तुम्ही 'पिंजरा' सात वेळा बघितलात हे आमच्या घरात रामायणासारखं सांगितलं जातं. लागूंचा मास्तर कसा चालत येतो ते तुम्ही अजून करून दाखवता. त्याच साली तेरा वर्षांच्या आईनं गोकाकात 'बंगारद मनुष्य' बघितला, राजकुमार शहर सोडून शेती करायला येतो तो. किती वेळा बघितला हे तिला कुणी विचारलंच नाही. मी परवा फोनवर विचारलं. तर हळूच म्हणाली, "नऊ." बाबा, दोननं हरलात.

तुमचा कन्नडवरचा राग मला कळत नाही असं नाही. 86 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातली काठी तुमच्या पाठीवर पडली होती, माझ्या नाही. लहानपणी तुमच्या पाठीला तेल चोळताना तो वळ माझ्या बोटांखालून गेलाय. 1 नोव्हेंबरला तुम्ही काळी फीत बांधून फेरीला निघालात की मीही येतो, यंदाही येईन. डोळ्यांना धूळ चालत असेल तर. पण काठी मारली ती सरकारनं, राजकुमारनं नाही, आणि हिच्या गाण्यानं तर नाहीच नाही. शनिवारी बाजारात त्या मेथीवाल्या म्हातारीशी "जास्ती आयतव्वा" म्हणून तुम्ही जी घासाघीस करता, ती ऐकून आमचा कन्नड मास्तर म्हणाला होता, तुझ्या वडिलांना आमच्या नाटकात घेऊ या.

दिवाळीच्या आत येताय असं ताई म्हणाली. निपाणी सोडली की फोन करा, मी स्टँडवर येऊन थांबतो. ट्रंक उचलायची नाही, वाकायचं नाही, हे ताईनं सांगितलं असेलच. फराळाचं आई आल्यावर बघू, मी चकलीचं पीठ तेवढं दळून ठेवतो.

भाऊबीज झाली की पुढच्या शुक्रवारी जो कन्नड सिनेमा लागेल त्याला मी आईला नेणार आहे, ह्यावेळी देवळाचं निमित्त न काढता. नव्या डोळ्यांनी पहिलं काय बघायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. तिकिटं दोन काढायची की तीन, तेवढं कळवा.

तुमचा,
धाकटा

ता. क. आई, वाचताना खरंच काही गाळलं असशील तर मला कळेल. बाबांना पहिला प्रश्न मी "सुलोचना कुठली?" हाच विचारणार आहे.