गावाचे कागद रद्दीत जाऊ देऊ नका : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचं वेतन यांबद्दलची निवेदनं आपल्याकडे सतत येत असतात, आणि ती रास्तच आहेत. हे पत्र मात्र त्याच ग्रंथालयांच्या माळ्यांवर आणि कपाटांच्या मागे पडलेल्या कागदांसाठी आहे.

कुठल्याही जुन्या वाचनालयाचा माळा उतरवून पाहावा. सुतळीने बांधलेले स्थानिक साप्ताहिकांचे गठ्ठे, व्याख्यानमालेची हँडबिलं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, विकास सोसायटीचे अहवाल, गणेशोत्सवाचे छापील जमाखर्च आणि खुद्द वाचनालयाची इतिवृत्तं. ही इतिवृत्तं आवर्जून वाचण्यासारखी असतात. वर्गणी वाढवावी का, कोणतं वर्तमानपत्र बंद करावं, स्त्रियांसाठी वेगळी वेळ ठेवावी का, अशा ठरावांच्या रुक्ष भाषेतून त्या वेळचं गाव कळतं. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणाचा, हेसुद्धा. जिल्ह्याचा इतिहास गॅझेटिअरमध्ये सापडतो. आळीचा आणि वाडीचा इतिहास शोधायला या खोक्यांशिवाय दुसरी जागा फारशी नाही.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. राज्य स्थापन होण्याच्या कितीतरी आधी लोकांनी या संस्था उभ्या केल्या आणि चालवल्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अशा संस्थांना सरकारचा आधार मिळाला, वाचनालयं खेड्यापाड्यांत पोचली. हे फार मोठं काम झालं. पण अनुदानासाठी वाचनालयाचा अ, ब, क, ड असा दर्जा ठरताना भर असतो तो ग्रंथसंख्येवर, नियतकालिकांवर, कामकाजाच्या तासांवर. दाखल नोंदवहीत न चढलेलं हँडबिल या हिशेबात कुठेच बसत नाही. जागा अपुरी, ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर, आणि तपासणी तोंडावर आलेली. अशा वेळी सगळ्यात आधी काय बाहेर पडतं, हे सांगायला नको. स्थानिक साप्ताहिकाचे अनेक वर्षांचे अंक किलोच्या भावाने गेलेले मी पाहिले आहेत. त्या अंकांची दुसरी प्रत कुठे असेल, हे तिथे कोणालाच सांगता आलं नाही.

हे कागद जपले तर त्यांच्याभोवती माणसं जमतात, हेही मी पाहिलं आहे. एका तालुक्याच्या वाचनालयाने जुने फोटो टेबलांवर मांडले, प्रत्येकाला क्रमांक दिला, शेजारी कोरा कागद ठेवला आणि लोकांना ओळख पटवायला बोलावलं. १९७२ च्या दुष्काळातला एक फोटो होता, खडी फोडणाऱ्या बायकांचा. मागे फक्त ‘दुष्काळी काम’ एवढंच लिहिलेलं. एका आजींनी भिंग धरून तो बराच वेळ पाहिला आणि रांगेतल्या चौघींची नावं सांगितली. कोण कुठल्या वाडीची, कोणाचं तान्हं झाडाला बांधलेल्या झोळीत असायचं, मुकादम हजेरी कशी मांडायचा, सगळं सांगितलं. शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी ते लिहून घेत होती. त्या दिवशी आलेल्यांतल्या कितीतरी जणांनी वाचनालयाची पायरी पहिल्यांदाच चढली होती. सभासद घटत चालल्याची चिंता सगळीकडे ऐकू येते. कादंबरी न्यायला न येणारा माणूस आपल्या आजीचं नाव शोधायला येतो, याचा विचार धोरणात व्हायला हवा.

एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. वाचनालयांत आजवर जे जमलं ते बहुतांशी लिहित्या-वाचत्या घरांचं आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीचं, तमाशाच्या फडांचं, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं, धरणाखाली गेलेल्या गावांचं फारसं काही तिथे आलेलं नाही. यातलं पुष्कळसं कागदावर कधी उतरलंच नाही, ते माणसांच्या तोंडी आहे. ते सांगणारी पिढी आता थकली आहे. साधा रेकॉर्डर आणि वेळ देणारा कार्यकर्ता एवढ्यावर हे काम आजही होऊ शकतं, दहा वर्षांनी होणार नाही.

पुराचंही सांगायला हवं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या पुराचा तडाखा त्याला बसला. भिजलेल्या कागदावर दोनेक दिवसांतच बुरशी धरू लागते. म्हणजे पाणी ओसरताच कोणी काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. नदीकाठच्या वाचनालयांचे दुर्मीळ संग्रह वरच्या मजल्यावर हलवायला खर्च तरी किती येणार?

म्हणून विनंती अशी. अनुदानाच्या नियमांत स्थानिक इतिहास संग्रहाला स्वतंत्र स्थान द्यावं, त्याची वेगळी नोंदवही असावी आणि दर्जा ठरवताना ती मोजली जावी. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाला चांगला स्कॅनर आणि तो चालवणारा प्रशिक्षित माणूस मिळावा. नुसता स्कॅनर नको, तो धूळ खात पडतो. स्कॅन केलेली प्रत राज्याच्या संग्रहात जावी, पण मूळ कागद गावातच राहावा, आणि घरातले कागद विश्वासाने आणून देणाऱ्यांना ते स्कॅन करून परत मिळावेत. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात मोडी वाचन, मुलाखती घेणं आणि कागदाची निगा हे विषय यावेत. जीर्ण पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, एवढं कळलं तरी खूप काही वाचेल.

नियम बदलायला वेळ लागतो, याची कल्पना आहे. तोवर ग्रंथालय संचालनालयाने निदान एक परिपत्रक काढावं : स्थानिक मजकूर असलेला कोणताही कागद जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना दाखवल्याशिवाय रद्दीत जाऊ नये. हे येत्या तपासणीआधी व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
सार्वजनिक वाचनालयाचा एक सभासद