सीमाभागातल्या मराठी एचडी वाहिन्या नेमक्या कुठे अडतात?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातले मराठी प्रेक्षक डीटीएच कंपन्यांकडे एचडी वाहिन्यांची मागणी सतत करत असतात. फोनवर बहुतेकदा दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे ‘लवकरच येईल’ आणि दुसरं म्हणजे ‘ही वाहिनी कर्नाटकात उपलब्ध नाही’. दुसरं उत्तर ऐकून लोक गप्प बसतात, वर्ष-वर्ष थांबतात. त्यातला खरा भाग किती हे वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

डीटीएचचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि त्याचा झोत सगळ्या देशावर एकाच वेळी पडतो. कागलच्या घराला मिळतो तोच सिग्नल निपाणीच्या घरावरही पडतो. मध्ये राज्याची हद्द आहे हे त्या सिग्नलला कळत नाही. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या एखादी कंपनी कोल्हापुरात दाखवत असेल, तर त्या त्याच कंपनीच्या बेळगावातल्या छत्रीवरही येऊन पडलेल्या असतात. उघडायच्या राहतात त्या फक्त तुमच्या बॉक्सच्या कार्डावर, आणि ते काम कंपनीच्या संगणकावरून होतं. केबलचं वेगळं आहे. तिथे कोणती वाहिनी तारेत सोडायची हे केबलवाल्याच्या नियंत्रण कक्षात ठरतं, त्यामुळे एका गल्लीत दिसणारी वाहिनी शेजारच्या गावात न दिसणं शक्य आहे.

आपलं घोडं कुठे अडलंय ते घरबसल्या पाहता येतं. त्याच कंपनीची जोडणी असलेल्या कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकांकडून वाहिनीचा क्रमांक घ्या आणि रिमोटवर थेट दाबा. पडद्यावर ‘ही वाहिनी तुमच्या पॅकमध्ये नाही’ असा मजकूर आला, तर सिग्नल घरात पोचला आहे. ती वाहिनी सुटी मागा, लगेच सुरू होते. क्रमांक दाबूनही बॉक्स पुढच्या-मागच्या वाहिनीवर उडी मारत असेल किंवा काहीच येत नसेल, तर बॉक्स जुना एसडीचा, म्हणजे साध्या चित्राचा, आहे का ते आधी बघा. त्यावर एचडी वाहिन्या यादीतही दिसत नाहीत. बॉक्स एचडीचा असून क्रमांक सापडत नाही आणि नातेवाइकांकडेही ती वाहिनी नाही, तेव्हाच कंपनीने ती घेतलेलीच नाही असं समजावं. वाहिनीच मुळात एचडीत निघत नसेल, तर डीटीएच कंपनीकडे मागून उपयोग नाही. ते पत्र वाहिनीला जायला हवं.

सुटी वाहिनी मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, दरपत्रकानुसार प्रत्येक सशुल्क वाहिनी छापील दराने एकेकटी घेता येते. पण नवी जोडणी देताना विक्रेता पिन कोड विचारतो, ५९० किंवा ५९१ ऐकलं की कन्नड पॅक पुढे करतो आणि गिऱ्हाईक ‘चालतंय’ म्हणतं. कन्नड वाहिन्यांशी आमचं काही वाकडं नाही, इथल्या कितीतरी घरांत दोन्ही भाषांतल्या मालिका बघतात. मुद्दा मोजणीचा आहे. मराठी एचडीची मागणी कंपनीला कार्डांच्या आकड्यावरूनच दिसते. कन्नड पॅक घेऊन मराठी एसडीवर भागवणारं घर तिच्या हिशेबात मराठी एचडीचं गिऱ्हाईक नसतं. म्हणून मराठी पॅक किंवा सुटी एचडी वाहिनी नाव घेऊन मागा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. एचडी सुरू झाल्यावर तीच एसडी वाहिनी काढायला सांगायला विसरू नका, नाहीतर दोन्हीचे पैसे जातात.

आता कंपनीची अडचण, तीही खरी आहे. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाचपट. एमपीईजी-४ पद्धतीने दाबून बसवलं तरी एका एचडीच्या जागेत साधारण तीन-चार एसडी वाहिन्या मावतात. उपग्रहावरची जागा भाड्याची आणि मोजकी असते आणि ती देशभरासाठी एकच असल्याने मराठी एचडीला क्रिकेट, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा सगळ्यांशी एका रांगेत उभं राहावं लागतं. कंपनीने हे ग्राहकाला सरळ सांगावं. जागा नाही म्हणून वाहिनी नाही, हे समजून घेता येतं. ‘कर्नाटकात नाही’ असं सांगणं ही दिशाभूल आहे.

याहून जास्त वाईट वाटतं ते एचडीचे पैसे भरून एसडी बघणाऱ्या घरांचं. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत लाल-पांढरी-पिवळी वायर असेल, तर कितीही महागडा पॅक घ्या, चित्र एसडीच येतं. पिवळ्या पिनमधून एचडी जातच नाही. एचडीएमआय केबल लावा, टीव्हीवर तो सोर्स निवडा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार १०८०आय करा. तिथे ५७६ राहिलेलं बऱ्याच घरांत आढळतं. चेहरे आडवे फुगलेले दिसत असतील, तर टीव्हीवर एसडीचं चौकोनी चित्र ताणून दाखवलं जातंय हे ओळखावं.

नवी एचडी वाहिनी आल्यावर सगळ्या जुन्या वाहिन्या नीट आणि नेमकी तीच गायब, असंही होतं. छत्रीसमोरच्या दांडीवर सिग्नल पकडणारा जो डबा असतो तो एलएनबी. बॉक्स त्याला केबलमधूनच वीज देतो. सिग्नलच्या लहरी उभ्या किंवा आडव्या डोलतात, त्याला ध्रुवण म्हणतात. उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्यांसाठी १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. सांधा गंजलेला असेल किंवा केबल हलकी असेल, तर १८ व्होल्ट वरपर्यंत पोचत नाहीत आणि आडव्या ध्रुवणावरच्या सगळ्या वाहिन्या एकदम जातात. अशा वेळी कंपनीला फोन करण्याआधी एलएनबीजवळची पिन काढून बघा. आतली तांब्याची तार हिरवी किंवा काळी पडली असेल, तर केबल वीतभर कापून नवी पिन बसवायची, चिकटपट्टीने बंद करायची आणि पिनच्या खाली केबलला एक सैल झोळ ठेवायचा. पाणी त्या झोळातून खाली गळतं, पिनमध्ये शिरत नाही. केबल आरजी-६ जातीची (छत्रीसाठीची जाड केबल) घ्यावी, शक्यतो अखंड. मध्ये गाठ मारून चिकटपट्टी गुंडाळलेली केबल पहिल्याच पावसात दगा देते.

पावसाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण जांबोटी, कणकुंबी, आमगाव या घाटाकडच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर एचडीचं चित्र सतत फुटतं. एचडी वाहिन्या बहुधा डीव्हीबी-एस२ पद्धतीच्या दाट सिग्नलवर असतात, त्याला जास्त स्वच्छ सिग्नल लागतो. म्हणून त्याच पावसात एसडी तग धरते आणि एचडीचे चौकडे पडतात. शिवाय उपग्रह जितका पूर्वेला, तितकी छत्रीची नजर खाली झुकते आणि पावसातला प्रवास लांबतो. बेळगावातून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह सुमारे ६९ अंश उंचीवर दिसतो, ९५ अंशांचा सुमारे ६० वर आणि १०८.२ अंशांचा जेमतेम ४७ वर. खानापूर तालुक्यात कंपनी निवडताना हा फरक लक्षात घ्यावा. खाली झुकलेल्या नजरेच्या आड फणस-आंब्याची फांदीही लवकर येते. उन्हाळ्यात छाटलेलं झाड श्रावणात पुन्हा आडवं आलेलं असतं.

नेहमीची ६० सेंमीची छत्री शहरात पुरते. घाटाकडे ९० सेंमीची लावावी, तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. पण मोठी छत्री लावताना एक चूक हमखास होते. ६० सेंमीच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंश रुंद असते, ९० ची सुमारे दोनच अंश. म्हणजे मोठी छत्री जास्त काटेकोर जुळवावी लागते. पत्र्यावर किंवा कौलांच्या वाशाला ठोकलेली छत्री वाऱ्याने आणि वानरांच्या उड्यांनी अंशभर हलली तरी सिग्नल गेला. ती भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये चार बोल्टांवर बसवावी आणि जुळवताना बॉक्सवर ‘स्ट्रेंथ’पेक्षा ‘क्वालिटी’चा आकडा बघावा. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य म्हणजे छत्री भलत्याच उपग्रहाकडे बघतेय किंवा एलएनबी चुकीच्या कोनात फिरलाय.

डीटीएच कंपन्यांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. ५९० आणि ५९१ पिन कोडच्या ग्राहकांना मराठी आणि कन्नड दोन्ही पॅक, एचडीसह, सुरुवातीलाच शेजारी-शेजारी दाखवावेत. कोणत्या मराठी वाहिन्या एचडीत घेतल्या आहेत आणि कोणत्या जागेअभावी थांबल्या आहेत, याची यादी बॉक्सच्या माहिती वाहिनीवर मराठीत द्यावी. आणि खानापूरच्या घाट भागात नवी एचडी जोडणी देताना मोठ्या छत्रीचा पर्याय विक्रेत्याने पैसे घेण्याआधी सांगावा.

कळावे,
छत्री बसवण्याचं व दुरुस्तीचं काम करणारे काही कारागीर,
बेळगाव-खानापूर