गुरगुराट शिका, पण घसा राखून

महोदय,

रशियातल्या तुवा आणि मंगोलियाकडचं थ्रोट सिंगिंग (एकाच घशातून एका वेळी दोन स्वर काढणारं गाणं) आणि हेवी मेटल रॉक बँडमधला गुरगुराट मोबाईलवर पाहून शिकणारी पोरं आता आपल्या कोल्हापुरातही दिसतात. हौस चांगलीच आहे. पण घसा फाडणं म्हणजे रियाज नव्हे.

तुवातल्या थ्रोट सिंगिंगच्या कारगिरा प्रकारात खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या खोट्या पट्ट्याही थरथरतात, तंतूंच्या दर दोन कंपनांमागे एकदा. म्हणून 120 हर्ट्झचा स्वर धरला की खाली 60चा खर्ज ऐकू येतो. याला जोर लागत नाही. आधी दहा मिनिटं तोंड मिटून गुणगुणावं. मग पेल्यातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवलेल्या स्ट्रॉमधून बुडबुडे काढत स्वर लावावा. त्यानंतर सोयीचा खालचा स्वर धरून, जड पोतं उचलताना कण्हतो तसा हलका आवाज काढायचा. गुरगुर आली नाही की लोक हवेचा रेटा वाढवतात आणि तिथेच तंतू एकमेकांवर आपटून सुजतात; हेच चालू राहिलं तर गाठी येतात. सुरुवातीला एका वेळी पाच मिनिटं पुरे.

टोचलं, खाज सुटली, खोकला आला की थांबावं. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून तर गाऊच नये. इजा होतेय हेच कळत नाही. रात्री उशिरा तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज बसतो. रस्सा सोडा म्हणायची माझी छाती नाही, पण जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावं.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर