आधी लंगोट बघ, मग दुधाची काळजी कर

प्रिय सखे,

फोनवर तू रडायला लागलीस आणि मागून सगळ्यांचे सल्ले सुरू झाले, म्हणून लिहूनच पाठवते. "पोऱ्याले दूध पुरत नही," हे आजींचं बोलणं मीही ऐकलं. पण तू जे सांगितलंस त्यात दूध कमी असल्याची खूण मला दिसत नाही. बाळ दिवसाला सहा-सात लंगोट ओले करतो, शी पिवळी आहे, जन्माचं २.८ किलो वजन दहाव्या दिवशी २.७ आहे. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच; दोन आठवड्यांच्या आसपास ते भरून आलं की झालं. संध्याकाळी तो सारखा मागतो, तुझी छाती मऊ लागते, याचा अर्थ दूध आटलं असा नाही गं.

ते पाणी पाजणं मात्र आजच थांबव. आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ला टेकतो, म्हणून चमचाभर पाणी द्यावंसं वाटतं, हे कळतं मला. पण आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. भर उन्हाळ्यातसुद्धा सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळं पाणी लागत नाही. पाण्याने इवलंसं पोट भरतं, मग तो ओढत नाही. आणि जेवढं ओढलं जातं तेवढंच दूध तयार होतं. वरच्या दुधाचंही तेच. आमच्या वॉर्डात मी हेच बघते, दूध खरोखर कमी व्हायला बहुतेकदा बाटलीपासूनच सुरुवात होते. तहान तुला लागते, तर पाणी तू पी. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, हे कुणाचंही ऐकू नको. (आणि गुटीत मध नको. वर्षाच्या आत तो धोक्याचा.)

आता पाजताना नीट बघ. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं हवं. त्याने मोठा आ केला की त्याला छातीशी घे. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. आधी भराभर चोखेल, मग संथ ओढेल आणि घोट गिळल्याचा आवाज येईल. दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि पुन्हा लाव. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाज. रात्रीचं चुकवू नको, दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. तो झोपून गेला तर हाताने थोडं पिळून काढ.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी खुशाल खा, अंगाला बळ येईल. पण फक्त त्यांच्या भरवशावर दूध वाढत नाही. त्यापेक्षा सासूबाईंना सांग, स्वयंपाक आणि पाहुणे तेवढे सांभाळा. धास्ती आणि दुखणं असलं की पान्हा फुटायला वेळ लागतो.

लंगोट सहापेक्षा कमी ओले झाले, बाळ सुस्त पडला, पिवळा दिसला, किंवा दोन आठवड्यांनीही वजन भरलं नाही, तर घरी थांबू नको, लगेच डॉक्टरांकडे ने. बाळंतपणात तुझं रक्त जास्त गेलं होतं का, थायरॉइड आहे का, तेही त्यांना सांग. खरंच दूध कमी असेल तर त्याची कारणं शोधता येतात, आणि तोवर डॉक्टर सांगतील तेवढं वरचं दूध द्यावं लागलं तरी त्यात तुझा काही दोष नाही.

आशाताई २१व्या दिवशी येतील तेव्हा वजन करून घे आणि मला कळव. रविवारी मी येतेच आहे.

तुझीच,
मैत्रीण